बागेपासून बोटीपर्यंत नोंद पक्की, पैशाची कडी मात्र सुटीच

फळछाटणी उरकली की आपल्या द्राक्ष पट्ट्यात दोन कामांची घाई उडते. एक फवारणीची आणि दुसरी, ज्यांना माल बाहेर पाठवायचा आहे त्यांना, बागेच्या नोंदणीची. दिंडोरी, निफाडकडच्या कुठल्याही गावात गेलं की पारावर नाहीतर खताच्या दुकानात एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘ग्रेपनेटला नोंद करून आम्हाला काय मिळतं? भाव तर शेवटी निर्यातदारच ठरवतो ना?’ प्रश्न रास्त आहे. त्याला ‘नोंदणी करा, फायदा होईल’ असं सरकारी छापाचं उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून आज त्याचाच जरा खोलात जाऊन विचार करू.

शेतकरी बंधूंनो, ‘डिजिटल’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. दर महिन्याला एक नवं ॲप येतं, मेळाव्यात त्याचं उद्घाटन होतं आणि पुढच्या हंगामात त्याचं नावही कुणाला आठवत नाही. पण या गलबल्यात एक गोष्ट खरी आहे, ती समजून घेतली पाहिजे. शेतमालाचा व्यवहार म्हणजे एक लांबलचक साखळी. पिकवणारा, खुडा करणारी टोळी, पॅकहाउस, प्रयोगशाळा, निर्यातदार, ट्रकवाला, बंदर, बोट, परदेशातला आयातदार आणि शेवटी तिथला दुकानदार. यातला प्रत्येक जण आपापल्या वहीत आपापलं लिहितो. एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही. त्यामुळे कुठं काय बिघडलं हे कळायला वेळ लागतो आणि कळलं की जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. डिजिटल जाळं म्हणजे या सगळ्यांनी मिळून एकच वही वापरायची. कुणी काय लिहायचं आणि कुणी काय वाचायचं हे आधी ठरवून द्यायचं. झालं, एवढंच. संगणक आणि मोबाइल ही त्या वहीची नुसती पानं.

अशी वही भारतात फळांच्या बाबतीत पहिल्यांदा बनली ती द्राक्षासाठी, आणि ती हौसेनं बनली नाही, ठेच लागल्यावर बनली. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षात मिथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आता बघा, अवशेष सापडले खरे, पण ते कोणत्या बागेतले? पेटीवर नाव निर्यातदाराचं. एका कंटेनरमध्ये कितीतरी बागांचा माल. कुणी कधी काय फवारलं, त्याची नोंद असली तर कुणाच्या तरी कपाटात. ज्यानं काढणीच्या तोंडावर औषध मारलं तो आणि ज्यानं महिनाभर हात आखडून धरला तो, दोघंही एकाच तराजूत तोलले गेले. गिऱ्हाइकाच्या लेखी ‘भारतीय द्राक्ष’ एवढंच नाव होतं आणि बट्टा त्या नावाला लागला.

त्यानंतर अपेडानं, म्हणजे केंद्राच्या कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणानं, २००६ साली ग्रेपनेट सुरू केलं. युरोपियन युनियनकडं जाणाऱ्या द्राक्षाला त्याची नोंद सक्तीची झाली. पुढं याच धर्तीवर डाळिंबासाठी अनारनेट, आंब्यासाठी मँगोनेट, भाजीपाल्यासाठी व्हेजनेट अशी भावंडं निघाली आणि आता ती सगळी हॉर्टिनेट या एकाच छत्राखाली आहेत. आपल्या कसमादे भागातल्या डाळिंबवाल्यांना हे नाव नवं नाही.

ही वही चालते कशी ते बारकाईनं सांगतो, कारण दर वर्षी सही करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पुढं काय होतं ते ठाऊक नसतं. तुम्ही सातबारा आणि बागेचा नकाशा घेऊन कृषी खात्याकडं अर्ज करता. खात्याचा माणूस बागेत येऊन पाहणी करतो आणि त्या प्लॉटला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो. लक्षात घ्या, क्रमांक प्लॉटला मिळतो, शेतकऱ्याच्या नावाला नाही. तुमचे तीन प्लॉट असतील तर तीन क्रमांक. बाग काढणीला येऊ लागली की अपेडानं मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेतो. नमुना तुम्ही पिशवीत भरून पाठवायचा नसतो, त्यानंच बागेत फिरून घ्यायचा असतो. तपासणीत उर्वरित अंश, म्हणजे आपल्या भाषेत रेसिड्यू, मर्यादेच्या आत आले तर अहवाल तिथंच संगणकावर चढतो. मग तो माल मान्यताप्राप्त पॅकहाउसमध्ये जाऊ शकतो. तिथं प्रतवारीचं ॲगमार्क प्रमाणपत्र, त्यापुढं रोगकीडमुक्तीचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र. प्रत्येक खातं आधीच्या खात्याची नोंद पाहूनच पुढची नोंद करतं. मधली एक पायरी गाळून पुढं उडी मारता येत नाही.

नमुना नापास झाला तर काय होतं, यात खरी गोम आहे. पूर्वीच्या काळी कागदी अहवाल निर्यातदाराच्या हातात पडायचा. त्यानं माल नाकारला तर शेतकरी दुसऱ्याला गाठायचा आणि दुसऱ्याला पहिल्याचा अहवाल माहीतच नसायचा. आता अहवाल नापास झाला की त्याचा इशारा यंत्रणेतून निघतो आणि त्या प्लॉटचा माल युरोपसाठी थांबतो, मग तुम्ही कोणत्याही निर्यातदाराकडं जा. यावर काही बागायतदार चिडतात, ‘आमचं दार बंद केलं’ म्हणतात. पण दुसऱ्या बाजूनं पाहा. शेजारच्या नापास मालामुळं तुमचा पास झालेला कंटेनर तिकडं अडकत नाही, हे याच इशाऱ्यामुळं. उद्या रॉटरडॅमला पेटीत काही सापडलंच, तर त्या पेटीवरून पॅकहाउस, पॅकहाउसवरून प्लॉट इथपर्यंत मागं येता येतं. सगळ्या जिल्ह्याला वेठीला धरण्याची गरज उरत नाही. ज्याचं काम चोख त्याला या वहीचं भय नाही, उलट तीच त्याची साक्षीदार.

हे झालं गुणगान. पण वही कितीही चांगली असली तरी जे तिच्यात लिहायचं ठरलेलंच नाही ते तिला कळत नाही. २०१० चा हंगाम आठवा. त्या वर्षी ग्रेपनेट होतं, नोंदण्या होत्या, प्रयोगशाळांचे पास झालेले अहवाल होते आणि तरीही युरोपात आपले कंटेनर अडले. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला आपण सीसीसी म्हणतो. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला आणि घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते वर्षानुवर्षं मारलं जात होतं. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. आपल्याकडं तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. तिकडच्या प्रयोगशाळांनी मात्र ते तपासलं आणि सापडलं. इकडं कागदावर माल निर्दोष, तिकडं बंदरावर दोषी. निर्यातदारांचं नुकसान झालं आणि ते नुकसान घसरत घसरत शेवटी आलं कुणावर, ते या पट्ट्यात वेगळं सांगायला नको. कित्येकांना पैसे कापून मिळाले, कित्येकांना उशिरा. शेतकऱ्यानं नियम मोडला नव्हता, कारण नियमात ते नाव नव्हतं.

या प्रकरणाचा अर्थ माझ्या मते एकच निघतो. साखळीत माहिती एकाच दिशेनं वाहत होती, बागेकडून दुकानाकडं. तुम्ही काय मारलं ते तिकडं कळत होतं. तिकडं काय तपासलं जाणार आहे, ते मात्र बागेपर्यंत येत नव्हतं. याला सहकार्य म्हणत नाहीत, याला हजेरी म्हणतात. नंतर सीसीसी यादीत आलं, तपासायच्या रसायनांची यादी दर हंगामाला सुधारली जाऊ लागली आणि मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कोणतं औषध चालतं आणि त्याचा पीएचआय किती याची यादी काढतं. म्हणजे वहीचं दुसरं पान उघडलं. ही यादी आज मोबाइलवर मिळते. पण शिवारात चित्र असं, की औषध घेताना यादी पाहण्यापेक्षा दुकानदाराला विचारणं सोपं वाटतं. दुकानदार त्याच्याकडं असलेलंच औषध देणार, त्याला दोष देऊन काय उपयोग?

आणि यादीतही एक मेख आहे. युरोपचा कायदा एक मर्यादा सांगतो, पण तिथल्या काही मोठ्या दुकानसाखळ्या त्याहून कडक असतात. कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त अवशेष नको, एकूण रसायनंही अमुकपेक्षा जास्त नकोत, अशा त्यांच्या अटी. तुमचा माल ग्रेपनेटवर पास होतो, तरी निर्यातदार म्हणतो, ‘हा अमक्या दुकानाला चालणार नाही, भाव कमी लागेल.’ तो खरं बोलत असेल किंवा नसेलही. तुमच्याकडं ताडून पाहायला साधन नाही. माल कोणत्या गिऱ्हाइकासाठी घ्यायचा आणि त्याच्या अटी काय, हे छाटणीच्या वेळीच सांगा, असा आग्रह गावागावांतल्या गटांनी धरला पाहिजे. खुड्याच्या दिवशी सांगितलेली अट ही अट नसते, ती भाव पाडायची पळवाट असते.

माहिती वेळेवर आली तर काय फरक पडतो, याचं ताजं उदाहरण म्हणजे २०२४ चा हंगाम. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबर २०२३ पासून जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावाशेवाहून युरोपला जायला दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले आणि भाडंही चढलं. आता ही बातमी बागायतदाराच्या कामाची आहे की नाही? आहे, शंभर टक्के आहे. बोटीवर दोन आठवडे जास्त काढायचे तर मण्याला टिकाऊपणा हवा, देठ हिरवा राहायला हवा, मुरलेला जादा गोड माल चालणार नाही, सकाळच्या गारव्यात खुडा आणि खुडल्यावर तासाभरात प्री-कूलिंगला हवा. ज्या निर्यातदारांनी आणि गटांनी ही गोष्ट जानेवारीतच बागायतदाराला सांगितली, त्यांनी माल निवडून घेतला. ज्यांनी सांगितली नाही, त्यांच्याकडं कंटेनर उघडल्यावर तक्रारी येणारच. बोट कुठून चालली आहे ते दाखवणारी यंत्रणा आज जहाज कंपनीकडं आहे, निर्यातदाराकडं आहे, आयातदाराकडंही आहे. नाही ती फक्त ज्याचा माल आहे त्याच्याकडं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येऊ, भावाच्या आणि पैशाच्या. ग्रेपनेट ही वही मालाच्या शुद्धतेची आहे, पैशाची नाही. प्लॉट कोणता, औषध कोणतं, नमुना कधी, पेटी कुठली, हे सगळं त्यात आहे. किलोला काय भाव ठरला, किती माल उचलला, किती कट्टी लावली, पैसे कधी दिले, यातलं काहीही त्यात नाही. म्हणजे ज्या कड्यांची परदेशी गिऱ्हाइकाला गरज होती तेवढ्या कड्या पक्क्या झाल्या आणि ज्या कडीची गरज शेतकऱ्याला होती ती सुटीच राहिली. हे मुद्दाम झालं असं मी म्हणत नाही. वही ज्याच्या मागणीवरून बनते त्याच्या सोयीची बनते, हा जगाचा रिवाजच आहे.

या सुट्या कडीची किंमत आपण दर वर्षी मोजतो. द्राक्षाचा व्यवहार बहुतेक शिवारातच होतो. जुलै २०१६ मध्ये राज्यानं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. विकायला मोकळीक मिळाली, ही चांगली गोष्ट. पण बाजार समितीच्या आवारात व्यापाऱ्याचा परवाना असतो, अनामत असते, तक्रार कुठं करायची ते ठाऊक असतं. शिवारात यातलं काही नाही. बाहेरगावचा व्यापारी येतो, भाड्याच्या खोलीत राहतो, सुरुवातीचे दोन-चार व्यवहार रोखीनं करून विश्वास कमावतो आणि हंगामाच्या शेवटाला चेक देऊन निघून जातो. चेक वटत नाही. २०२० साली नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना शेतकऱ्यांचे असे बुडालेले पैसे वसूल करण्यासाठी खास मोहीम काढावी लागली आणि तिच्या धाकानं अनेकांचे पैसे परतही मिळाले. चांगलं झालं. पण वसुलीसाठी पोलीस लागावेत, याचाच अर्थ व्यवहाराची वही कच्ची.

पैशाची कडी जोडण्याचा प्रयत्न दुसऱ्या एका जाळ्यानं केला आहे, ते म्हणजे ई-नाम. १४ एप्रिल २०१६ रोजी हा राष्ट्रीय बाजार सुरू झाला तेव्हा त्यात २१ बाजार समित्या होत्या. मे २०२० पर्यंत त्या एक हजारावर गेल्या. आपल्या राज्यातल्याही शंभराहून अधिक त्यात आहेत. कल्पना अशी, की गेटवर आवक नोंदवायची, मालाची प्रत तपासायची, व्यापाऱ्यानं संगणकावर बोली लावायची, वजनाचा आकडा काट्यावरून थेट यंत्रणेत जायचा आणि पैसे शेतकऱ्याच्या बँक खात्यात. कागदावर पाहिलं तर ग्रेपनेटमध्ये जे नाही ते सगळं इथं आहे. मग अडलं कुठं? माझ्या पाहण्यात दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे प्रत. लांबचा व्यापारी माल न पाहता बोली तेव्हाच लावील, जेव्हा तपासणीच्या आकड्यावर त्याचा विश्वास बसेल. सोयाबीन किंवा हरभऱ्याचा ओलावा यंत्रावर मोजता येतो. कांद्याच्या ट्रॉलीत वरचा थर एक आणि खालचा भलताच, तो कोण मोजणार? म्हणून आपल्याकडं कांद्याचा लिलाव अजून ट्रॉलीभोवती उभं राहूनच होतो आणि त्यात सगळंच वाईट आहे असंही नाही, निदान भाव चारचौघांत पुकारला जातो. दुसरं अडलं ते उचलीत. ज्या आडत्याकडून पेरणीला उचल घेतली त्याच्याच दुकानी माल घालावा लागतो. पैसे खात्यात आले तरी तिथून ते त्याच्याकडंच जायचे असतात. संगणक पडद्यावर शंभर व्यापारी दाखवील, पण ज्याचा हात अडकलाय त्याला एकच दिसतो.

गोदामाच्या पावतीचं मात्र काम बऱ्यापैकी जमलं आहे, थोडक्यात सांगतो. मान्यताप्राप्त गोदामात ठेवलेल्या मालाची इलेक्ट्रॉनिक पावती २०१७ साली सुरू झाली. पावती कागदावर नाही, नोंदणी करणाऱ्या भांडाराच्या खात्यावर असते. त्यामुळे तोच माल दोन बँकांना गहाण दाखवता येत नाही आणि बँकेला कर्ज द्यायला भीती वाटत नाही. येवला, सिन्नरकडच्या मका-सोयाबीनवाल्यांनी काढणीच्या वेळी भाव पडलेला असताना याची चौकशी जरूर करावी. कृषी पणन मंडळाची बाजार समित्यांमार्फतची तारण कर्ज योजना तर १९९०-९१ पासूनची आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. ज्यांच्याकडं माल ठेवायला धीर आहे, पण घरखर्चाला पैसा नाही, त्यांच्यासाठीच ती आहे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही, हेही सांगितलं पाहिजे. वारणा खोऱ्यात १९९८ साली केंद्राच्या मदतीनं कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकानं जोडली होती. गावात संगणक केंद्र आणि ते वारणा साखर कारखान्याला जोडलेलं. तेव्हा मोठमोठ्या गोष्टी बोलल्या गेल्या होत्या, शेतकरी जगभरचे बाजारभाव पाहील वगैरे. प्रत्यक्षात शेतकरी तिथं कशाला जायचा? ऊसतोडीचा परवाना कधी निघतोय, वजन किती भरलं आणि खत आलं का, एवढ्यासाठी. पुढं एका संशोधन प्रकल्पात सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरच्या संदेशानं हेच काम करून पाहिलं, तर ते भागलं, आणि स्वस्तात भागलं. शेतकऱ्याला संगणकाचं कौतुक नव्हतं. त्याला स्वतःच्या उसाचं वजन घरबसल्या कळतंय, याचं कौतुक होतं. नवी यंत्रणा काढणाऱ्या साहेब लोकांनी वारण्याची ही गोष्ट आधी वाचावी असं मला फार वाटतं. असो.

मग सुटी कडी जोडायची कशी? एकट्या शेतकऱ्यानं निर्यातदाराला ‘मला तुमची वही दाखवा’ म्हटलं, तर तो हसून पुढच्या बागेत जाईल. गटानं म्हटलं तर त्याला थांबावं लागतं. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं उदाहरण जिल्ह्यात सगळ्यांसमोर आहे. शेतकऱ्यांच्या मालकीची उत्पादक कंपनी, पॅकहाउस त्यांचं, निर्यातही त्यांची. अशा ठिकाणी प्लॉटची नोंद आणि विक्रीचा हिशेब एकाच घरात असतो आणि बागायतदाराला आपल्या पेटीचं पुढं काय झालं ते विचारायचा हक्क असतो, कारण तो भागधारक आहे. सगळ्या गावांना एवढी मोठी संस्था उभी करणं जमणार नाही, ते मान्य. पण वीस-पंचवीस बागायतदारांचा गट एवढं तरी करू शकतो. निर्यातदाराशी लेखी करार करायचा. त्यात भाव, कट्टी आणि पैसे देण्याची तारीख घालायची. प्लॉटचा नोंदणी क्रमांक त्या करारावर आणि मालाच्या प्रत्येक पावतीवर लिहायचा. म्हणजे ग्रेपनेटची शुद्धतेची नोंद आणि तुमचा पैशाचा कागद एकाच क्रमांकानं जोडला जातो. माल गेलाच नाही, असं मग कुणाला म्हणता येत नाही. सरकारच्या यंत्रणेत तशी सोय होईल तेव्हा होईल, तोवर ही गावठी सोय पुरेशी आहे.

याच क्रमांकाबाबत एक कडक सूचना. आपला प्लॉट क्रमांक दुसऱ्याला वापरू देऊ नका. ‘भाऊंचा माल थोडा आहे, तुमच्या नंबरावर जाऊ द्या’ अशी गळ भावकीतून, सोयऱ्यांतून पडते, नाही म्हणणं जड जातं. पण तिकडं काही सापडलं, तर यंत्रणा तुमच्या प्लॉटवर येऊन थांबणार, भाऊंच्या नाही. दोन एकरांच्या नोंदीवर चार एकरांचा माल दिसला, तर तो हिशेबातही लपत नाही. फवारणीच्या वहीचंही तसंच. खुडा तोंडावर आल्यावर एका बैठकीत, एकाच पेननं लिहिलेली वही ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

गावपातळीवरच्या आपल्या मंडळींनाही दोन शब्द. तलाठीभाऊसाहेब आता ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकभाऊसाहेब ग्रामपंचायत अधिकारी झाले, आमच्या कृषी सहायकांचंही नाव बदललं. नावं बदलली तरी लोकांचं अडतं तिथंच. बागेची नोंद करायला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर द्राक्षाऐवजी गेल्या पिढीतलं पीक किंवा पडीक लागलेलं असतं. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, शेतकऱ्यानं स्वतः फोटो काढून पीक नोंदवायचं. रेंज नाही, मोबाइल जुना, गट नंबर चुकीचा, या अडचणी खऱ्या आहेत. पण ही नोंद चुकली की विमा, अनुदान, नोंदणी सगळीकडं ती चूक मागं लागते, कारण आता एक वही दुसऱ्या वहीला जोडली जाते आहे. पूर्वी एका कागदातली चूक त्या कागदापुरती राहायची. त्यामुळे ग्रामपंचायतीत संगणक आहे, चालक आहे, तर हंगामातले दोन दिवस ठरवून दवंडी द्या आणि वयस्कर खातेदारांच्या, एकट्या बायाबापड्यांच्या नोंदी तिथं बसून करून घ्या. सामाईक खात्याच्या जमिनीत कुणाच्या वहिवाटीला कोणता तुकडा आहे, हे गावाला माहीत असतं, ॲपला नसतं.

आणि नोंदणीचा अर्ज भरताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा, ती म्हणजे मोबाइल नंबर कुणाचा घातला आहे. बऱ्याच वेळा कागद गोळा करायला निर्यातदाराचा माणूस येतो, अर्जही तोच भरतो आणि घाईत आपलाच नंबर टाकून देतो. मग नोंदणी झाल्याची माहिती त्याला, नमुन्याच्या अहवालाची विचारपूस त्याला. बाग तुमची, क्रमांक तुमचा आणि निरोप मात्र तिसऱ्याच्या खिशात. ज्यांची नोंद आधीच झाली आहे त्यांनी नूतनीकरणाला जाताना नंबर वाचून दाखवायला सांगा. चुकीचा निघाला तर तिथंच बदलून घ्या आणि नोंदणीचा कागद घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. घरात मुलगा किंवा सूनबाई शिकलेली असेल आणि मोबाइल तीच पाहत असेल, तर तिचा नंबर घालायलाही हरकत नाही.